गोषातला तंबोरा

मी उमेदीची सगळी वर्षं मोटार चालवली, हे कळलं की आजची तरुण मंडळी पहिला प्रश्न वेगाचा विचारतात. त्यांची निराशा करणं माझ्या जिवावर येतं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आमच्या बीड जिल्ह्यात मोटारी आल्या त्या रस्त्यांच्या आधी. रस्ता म्हणून जे काही होतं ते बैलगाड्यांनी स्वतःच्या सोयीनं पाडलेलं होतं, आणि मोटारीला तिथं पाहुण्यासारखं अंग चोरून जावं लागे. गाडीची चाकं आणि चाकोऱ्या यांचं माप जुळत नसे. म्हणून एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी तिरपी गाडी मैलोन् मैल चाले. मालक उंच बाजूला बसत, कारभारी खालच्या बाजूला. मोटारीतसुद्धा हुद्दा कळायचा तो असा.

चालवणं हा त्या नोकरीचा लहानसा भाग. बाकीचा वेळ पाणी शोधण्यात, ट्यूबला ठिगळं लावण्यात, बैल मागून आणण्यात आणि मालक कुणाच्या तरी ओसरीवर बसले असतील तर त्यांची वाट पाहण्यात जाई. मी चार इयत्ता मराठी आणि थोडी उर्दू शिकलो होतो. गाडी थांबली की बैठकीखालून पुस्तक काढायचं, ही माझी सवय. गाडी फार थांबे, त्यामुळे माझं वाचन चांगलं झालं.

मोटारीतून मी माणसं कमी वाहिली, मानपान जास्त. एका हाकिमाची, म्हणजे बड्या अंमलदाराची, तसबीर मी एकदा पुढच्या बैठकीवरून नेली, तेव्हा ज्यांनी ती खर्च करून काढवली होती ते पाटील फूटबोर्डावर उभे राहून आले, कारण तसबिरीच्या शेजारी बसणं बरं दिसलं नसतं. एक पैलवान नेला, त्यानं कुस्तीच्या आधी माझी स्प्रिंग मोडली आणि फडात स्वतः पडला. पण या धंद्यातलं माझं खरं काम कोणतं असं विचाराल, तर मी एक तंबोरा बार्शीहून गढीपर्यंत आणला. त्याला चरा गेला नाही. जे झालं ते चरा न गेल्यामुळे झालं.

आमचे सरकार तलवाड्याच्या बाजूचे एक देशमुख. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचे नातू अजून मला चहा पाजतात. त्यांच्या पदरी गणूबुवा नावाचे एक गवई होते, थोरल्या सरकारांच्या वेळचे. वय झालेलं, पुढचे दात गेलेले, बायको-मुलं कधीच देवाघरी गेलेली. गढीच्या देवडीवरची एक खोली आणि एक तंबोरा एवढाच त्यांचा संसार. त्या शिमग्याला गडबडीत कुणीतरी घोड्याचं खोगीर नेमकं तंबोऱ्यावर टाकलं आणि भोपळा फुटला. त्याच सुमारास सरकारांनी हैदराबादेहून पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणला होता.

एका संध्याकाळी बैठकीत सरकार म्हणाले, "बुवा, ही पेटी बघा. खात न्हाई, खोकत न्हाई, अन् बंद हो म्हनलं की बंद होती."

बुवा म्हणाले, "खरं हाय सरकार. चावी संपली की मधीच झोपती बी. मी अजून तसा झोपलो न्हाई."

सरकार हसले, पण विचार सोडला नाही. दसऱ्याला अव्वल तालुकदार गढीवर मुक्कामाला येणार होते. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, आणि हे साहेब गाण्याचे शौकीन असल्याचा बोभाटा होता. सरकारांनी निकाल दिला, मिरजेहून नवा तंबोरा मागवायचा. दसऱ्याला बुवांनी गायचं. हाकीम खूश झाले तर बुवा राहतील, नाहीतर त्यांनी आपल्या गावी जाऊन आराम करावा. बुवांना गाव नव्हतं हे सरकारांना ठाऊक होतं. पण असली वाक्यं बोलायची एक ठरलेली पद्धत असते, आणि सरकार पद्धत सोडत नसत.

तंबोरा मिरजेहून लहान रेल्वेनं बार्शीपर्यंत यायचा आणि तिथून मी मोटारीनं आणायचा, असं ठरलं. बरोबर बुवा, आणि सरकारांचे कारभारी दिगंबरपंत. निघताना सरकारांनी पंतांच्या हाती जरीकाठी शेला दिला. "तंबोरा म्हंजे सरस्वती. बोडका आनू नका. गावोगाव लोकांना कळू द्या काय चाललंय." लोकांना कळावं यासाठी पंतांनी चार ओळींचं निवेदनही पाठ केलं होतं. वाटेत त्यांनी ते मला इतक्यांदा ऐकवलं की गाडी चढाला लागली की मला ते आपोआप आठवे.

तंबोरा मोटारीतून कसा न्यायचा, हे मला मिरजेच्या कारागिराच्या माणसानं बार्शीच्या मालधक्क्यावर समजावून सांगितलं. तंबोरा म्हणजे एक पोकळ भोपळा, त्यावर लाकडाची पातळ तबली आणि माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब दांडी. हे सगळं सरसानं जोडलेलं. सरसाला ऊन सोसत नाही आणि पाणीही सोसत नाही. भोपळा धक्का सोसतो, पण टोचणं सोसत नाही. तारा चढवलेल्या ठेवल्या तर उन्हात ओढ वाढून तबली दबते. सगळ्या सोडून टाकल्या तर ज्या हस्तिदंती घोडीवर त्या टेकतात ती घोडी सरकते, आणि तिची जागा पुन्हा मिळवायला कारागीरच लागतो. म्हणून तारा अर्धवट उतरवायच्या. झोपवून न्यावा तर उत्तम, पण दांडी मोटारीच्या रुंदीत बसेना. दारातून बाहेर काढावी तर वाटेतली पहिली बाभूळ तिचा हिशेब करणार. तेव्हा मागच्या बैठकीच्या कोपऱ्यात सरकीच्या पोत्यावर भोपळा बसवला, दांडी उभी पाठीला टेकवली आणि बुवांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी सैलसर बांधली. वरचा टप चढवला. उन्हासाठी बाजूचे पडदे सोडले. हे पडदे सरकारांनी बाईसाहेबांसाठी करून घेतले होते. टायरमधली हवा थोडी कमी केली. सगळ्यावर पंतांनी शेला पांघरला, तो खुंट्यांवरून थेट खाली आला. बुवा शेजारी बसले आणि एक हात दांडीमागून घालून त्यांनी तंबोरा धरून ठेवला.

मी हँडल मारून गाडी सुरू केली आणि मागं वळून पाहिलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी टायर पाहत होतो.

बार्शी इंग्रजी मुलखात. तिथून थोडं पुढं गेलं की मोगलाई लागे आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. करोडगिरी म्हणजे जकात. नाक्यावरच्या शिपायांकडे हातभर लांबीची अणकुचीदार सळई असे. गाठोडं असो की पोतं, आधी सळई खुपसायची आणि मग विचारायचं, हा तिथला शिरस्ता. ती सळई पाहून बुवांचा चेहरा राखेसारखा झाला. पंतांनी मात्र पगडी सारखी केली आणि निवेदनासाठी घसा साफ केला.

नाकेदार एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी शिपायाला पडदा बाजूला करायला सांगितलं. शिपायानं चार बोटं पडदा सरकवला, आत पाहिलं आणि विस्तवाला हात लागल्यासारखा सोडून दिला.

"जनाना है, साब."

नाकेदारांनी तोंड फिरवलं. सगळे शिपाई रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पहले बोलना था ना मियाँ," नाकेदार भिंतीला उद्देशून म्हणाले. "कायको खड़े हैं? ले जाओ, ले जाओ."

पंत बोलायला तोंड उघडत होते. "अहो, पण हा तर श्रीमंत सरकारांचा..."

मागून बुवांचा हात आला आणि त्यांच्या खांद्यावर पडला. "पंत, सळई बघा. अन् गप बसा."

मी गाडी काढली. बरंच पुढं गेल्यावर मी थांबलो, उतरलो आणि पडद्यातून स्वतः पाहिलं. भोपळ्याजवळ शेला फुगलेला, वर निमुळता होत गेलेला. कुणी बाई गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसली आहे असंच वाटत होतं. शेजारी म्हातारा बाप तिच्या पाठीवर हात ठेवून. धुळीनं बुवांच्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं, त्यानं चित्र आणखी पुरं झालं होतं.

पंत म्हणाले, "ही फसवणूक आहे."

"आमी कुटं काय म्हनलं? त्येंनीच म्हनलं," बुवा म्हणाले. "पंत, तुमचं भाषन मी गढीवर उभं राहून ऐकतो. पन आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाई एवढं बघा. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

मी मनातल्या मनात बुवांच्या बाजूचा होतो. धंद्याच्या दृष्टीनं सांगतो, सरकी, सैल तारा, कमी हवा हे सगळं ठीक आहे. पण वस्तू सुखरूप न्यायची तर तिच्यापासून लोकांना लांब ठेवणं हे निम्मं काम, आणि गोषातल्या, म्हणजे पडद्यातल्या, बाईइतकं लांब आमच्या मुलखात लोक कशापासूनच राहत नसत.

कळंब सोडल्यावर मांजरा लागली. पाऊस संपला होता, पण पात्रात मांडीभर पाणी होतं. मोटार बैल लावून ओढायची हे ठरलेलंच, पण त्या हिसक्यांत तंबोरा ठेवणं शक्य नव्हतं. काठावरच्या गावच्या पाटलांना पडद्याची बातमी कुणी सांगितली कोण जाणे, आम्ही मागायच्या आधी त्यांनी घरचा मेणा पाठवला. मेणा म्हणजे बायकांची बंद पालखी. चार भोयांनी तोंडं फिरवली, दोन माणसांनी धोतरांचा आडोसा धरला आणि मी नि बुवांनी तंबोरा उचलून मेण्यात बसवला. माझ्या आयुष्यात मी इतक्या हळुवारपणे कुणालाही मेण्यात बसवलेलं नाही. स्वतःच्या बायकोलाही नाही, असं ती सांगत असे.

पाण्यात शिरल्यावर पुढचा भोई मागच्याला म्हणाला, "लई हलकी हाय बे."

"माहेरी खायला देत नसत्याल."

"म्हातारा बघ की कसा हाय. त्यालाच न्हाई, तर पोरीला काय देईल?"

बुवा मेण्याला हात लावून मांडीभर पाण्यातून चालले होते. त्यांनी ऐकलं आणि मेण्याला दुसराही हात लावला. मोटार निघायला मात्र पार दुपार कलली. बैल नवे होते आणि त्यांना मोटार आवडली नव्हती. तेवढ्या वेळात टपालाचा घोडेस्वार आमच्या शेजारून नदी ओलांडून गेला. जाताना त्यानं मेण्याला मुजरा केला. आमच्या आधी आमची बातमी कशी पोचली याचं उत्तर तो घोडेस्वार.

केजला मुक्काम केला तेव्हा तहसील कचेरीच्या कारकुनानं मला बाजूला घेऊन विचारलं, "धाकट्या बाईसाहेब कुटल्या म्हनायच्या?" मी म्हणालो, मिरजेच्या. ते खोटं नव्हतं. "घरानं?" मी म्हणालो, गाण्याबजावण्याचं. त्यानं भुवया उंच केल्या आणि सरकारांच्या धाडसाचं कौतुक केलं. पंतांचा जीव इथून खालीवर व्हायला लागला.

"केशवा," ते मला म्हणाले, "हे बाईसाहेबांच्या कानावर गेलं तर?"

बाईसाहेब म्हणजे सरकारांच्या पत्नी. मोठ्या घरच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या माहेरी म्हणे पोरी गाणं शिकत. सासरी आल्यावर ते बंद झालं होतं. पंत सरकारांना भीत, आणि सरकार बाईसाहेबांना. तेव्हा पंतांची भीती दुप्पट होती.

वडवणीत दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. मोटारीचं पाणी तापलं म्हणून थांबावं लागलं, आणि मोटारीभोवती बायकांचा गराडा पडला. पुरुष लांब राहत होते, पण बायकांना गोषाचा काय अडथळा? हळद-कुंकू, तांदूळ, खण, नारळ घेऊन त्या नव्या सरकारणीची ओटी भरायला आल्या. एकीच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. गाडी तापली होती, पण माझ्या अंगावर काटा आला.

बुवांनी उपरणं पसरलं. "इथं टाका माय. पोरीला ऊन लागलंय, निजलीय."

"बोलत न्हाई का? मुकी हाय का ओ?"

"घरी पोचल्यावर बोलंल."

एक ठसठशीत कुंकवाची म्हातारी पुढं आली. तिनं ओटीत तांदूळ टाकले, पण बुवांवरची नजर काढली नाही. "दुसरेपनावर दिली व्हय रं, म्हाताऱ्या? पांढऱ्या मिशीच्या मानसाला? जीव तरी कसा झाला तुझा?"

मला वाटलं बुवा आता हसतील, किंवा काही तरी खुसखुशीत बोलतील. त्यांनी मान खाली घातली. "पोटाला काय सांगू, आक्का?" म्हणाले. म्हातारीनं त्यांच्या उपरण्यात आणखी एक नारळ टाकला. तो मात्र मुलीचा नव्हता, त्यांचा होता.

वडवणी मागं पडली. मग बुवा म्हणाले, "केशवा, सावकास. खड्डा हाय." खड्डा नव्हता. मी तरीही सावकाश घेतली.

गढीच्या दारात तोरण होतं, हलगी होती, गाव गोळा झालं होतं. हे सगळं तंबोऱ्यासाठी असेल अशी पंतांची समजूत. त्यांनी निवेदनासाठी पुन्हा घसा साफ केला. तेवढ्यात खुद्द सरकार लगबगीनं मोटारीपाशी आले. अशी लगबग मी त्यांच्यात पहिल्यांदाच पाहिली.

"पंत, मागं कोन हाय?" त्यांनी हळू विचारलं.

"तंबोरा, सरकार."

"तंबोराच का?"

"तंबोराच."

सरकारांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं ते समाधान नव्हतं, एवढंच मी म्हणेन. मग त्यांनी सगळा घोळ सांगितला. तालुकदार साहेब सकाळीच मुक्कामाला आले होते. घोड्यावरून उतरताच त्यांनी भर चौकात सरकारांना मिठी मारून नव्या शादीची मुबारकबाद दिली आणि दुल्हनसाठी किनखापाचा तुकडा नजर केला. सरकारांनी तो डोक्याला लावून घेतला होता.

"मंग न्हाई म्हनायचं की सरकार," बुवा म्हणाले.

"हाकिमाला? तोंडावर?"

आज हे समजणं अवघड आहे. पण हाकिमाला चूक दाखवणं ही गोष्ट तेव्हा आमच्या डोक्यात बसतच नसे. हाकीम म्हणाले लग्न झालं, म्हणजे झालं. आता एवढंच बाकी होतं की नवरी कुणाला दिसता कामा नये. "गाडी जनान्याच्या दाराला लाव," सरकार मला म्हणाले, आणि चौकात परत जाऊन पुन्हा मुबारकबाद घेऊ लागले.

जनान्याच्या दाराशी मी गाडी लावली आणि रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. बाईसाहेब आरतीचं ताट घेऊन स्वतः आल्या होत्या. सवतीला ओवाळून घेणं ही थोरल्या बायकोची रीत, आणि ती त्या पाळणार होत्या. बांगड्या वाजल्या. पडदा सरकला. शेला ओढल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही, इतका वेळ की मला मोटारीचं पाणी ठिबकताना ऐकू आलं. मग एक तार वाजली. सैल, घोगरी.

"बुवा, तारा कावून सैल हायेत?"

"परवासाला सैल करत्यात, बाईसाहेब."

"दिसभर गावातल्या बाया येऊन माझ्या गळ्यात पडून रडून गेल्या. सरकारनं एका शब्दानं सांगितलं न्हाई." त्यांचा आवाज शांत होता. "बरं. धाकटीला आत घ्या."

"बाईसाहेब, उद्या मला गायचंय. तंबोरा..."

"हाकीम हाय तवर धाकट्या बाईसाहेब गोषा मोडनार न्हाईत. सरकारला सांगा, त्येंनीच लावलेलं लगीन हाय."

दार बंद झालं. बुवा माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकले. बार्शीपासून एक ओरखडा न येता आणलेली वस्तू आता अशा ठिकाणी होती की जिथं ना त्यांना जाता येत होतं ना मला. ते म्हणाले, "नदीत बुडाला असता तर निदान दिसला तरी असता."

दसऱ्याला दुपारनंतर बैठक भरली. मी दाराशी पायरीवर होतो, हाकिमांना परतीला सोडायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या कोनाड्यात ग्रामोफोन ठेवलेला, कर्णा चिंचेनं घासून लखलखीत केलेला. बाजूला जनान्याच्या दालनापुढे चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा सोडलेला. बुवा नेहमीसारखे खाली सतरंजीच्या कडेला बसले. तालुकदार साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं.

"दुल्हन के वालिद साब भी साथ आए हैं, सुना," ते म्हणाले.

सरकारांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बुवांकडे पाहिलं. सगळ्या बैठकीनं बुवांकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा देवडीवरचा गणूबुवा, आणि एकही माणूस हसला नाही.

"जी हुजूर. हेच ते," सरकार म्हणाले.

"वहाँ नीचे?" हाकिमांना खरोखर वाईट वाटलं. ते स्वतः उठले, बुवांचा हात धरला आणि त्यांना सरकारांच्या शेजारी गादीवर बसवलं. थोरल्या सरकारांच्या काळापासून गाणाऱ्या त्या माणसाला लोडाला टेकायचं कसं हे कळेना. ते ताठ बसले.

"सासरे गातात सुद्धा," सरकार घाईनं म्हणाले. कुठून तरी सुटका हवी होती. "घराण्यातच हाय त्येंच्या."

"तो फिर सुनेंगे."

बुवांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. वयानं त्यांचा स्वर आता तंबोऱ्याच्या आधारानंच चालायचा हे मला माहीत होतं. पंत ग्रामोफोनची चावी हातात घेऊन उभे होते. सरकारांनी त्यांच्याकडे मान हलवली.

तेव्हा चिकाच्या मागून तंबोरा वाजला.

तारा चढवलेल्या होत्या, जवळजवळ बरोबर. पण नाद बसका होता, कापडात गुंडाळल्यासारखा. पंतांचा हात चावीवर थांबला. बुवांनी मान न वळवता ऐकलं. मग समोरच्या हाकिमांकडे पाहतच ते म्हणाले, "सूत. घोडीवरचं सूत. केसभर अलीकडं."

तंबोऱ्याच्या तारेखाली एक सुताचा धागा असतो. तो जागेवर बसला तरच नाद उघडतो. चिकाआड पहिली तार वाजली, तशीच बसकी. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा ती उघडली, आणि मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा स्वर त्या दालनात भरला. एकेक करून बाकीच्या तारा तिला मिळाल्या.

"साहबजादी?" हाकिमांनी विचारलं.

"जी," बुवा म्हणाले. "प्रवासात बोलत नव्हती."

मग ते गायले. फार उत्तम गायले असं मी लिहिलं तर गाणं समजणारे वाचक मला हसतील. वरच्या सप्तकात आवाज फाटत होता, आणि दात नसल्यानं शब्द कळत नव्हते. पण जिथं आवाज फाटे तिथं मागचा तंबोरा तो तसाच धरून ठेवी, न घाई करता, न थांबता. बुवा परत येऊन त्याच्यात मिसळत. एकदा ते फार लांब गेले आणि मला वाटलं आता येत नाहीत. आले. हाकिमांनी डोळे मिटले होते. सरकार चिकाकडे बघत होते. आतल्या बाजूला आपल्याच घरातलं कोण बसलं आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळत असावं असा त्यांचा चेहरा होता. पंतांनी चावी कोनाड्यात ठेवून दिली.

जाताना तालुकदार साहेब मोटारीत बसले आणि सरकारांना जवळ बोलावून म्हणाले, "आप की छोटी बेगम सुर में हैं. और ससुर साब को संभालिए. मैं हर दसहरे को आऊँगा, इन को इसी जगह देखना चाहता हूँ."

"जी हुजूर," सरकार म्हणाले.

तंबोरा पुन्हा जनान्याबाहेर आला नाही. बुवांना रियाज करायचा तर रोज सकाळी चिकापुढे जाऊन बसावं लागे. आतून साथ मिळे, आणि काही महिन्यांनी आतून कधी कधी आवाजही मिळू लागला. गढीतल्या लोकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. हे साहेब बदलून गेले, दुसरे आले. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगितलेलं असे, त्यामुळे प्रत्येक नवा हाकीम गढीवर आला की आधी सासऱ्यांची चौकशी करी, आणि बुवांना धुतलेला अंगरखा घालून गादीवर बसवावं लागे. हळूहळू त्यांना लोडाला टेकणं जमलं.

त्यांना गावी पाठवायची गोष्ट सरकारांनी पुन्हा काढली नाही. गवयाला नोकरीवरून काढता येतं. सासऱ्याला काढायची पद्धत मोगलाईतही नव्हती.